गावावरील अरिष्टाचा अंदाज कसा घ्यावा

आपल्या गावावर कोणते नैसर्गिक अरिष्ट येऊ शकेल, ते आल्यास कोणाची किती हानी होईल, आणि त्यासाठी आज काय करून ठेवले पाहिजे, ह्या तीन प्रश्नांचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे. उदाहरणासाठी आम्ही रायगड जिल्हा घेतला आहे. १९८० सालाच्या अखेरपर्यंत ह्यास कुलाबा जिल्हा म्हणत. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस सह्याद्री, आणि मध्ये अंबा, कुंडलिका व सावित्री ह्या आखूड परंतु वेगवान नद्या, अशी ह्या जिल्ह्याची ठेवण आहे. त्यामुळे दरड, पूर, उधाण आणि चक्रीवादळ ही चारही अरिष्टे त्याच्या वाट्यास आली आहेत. इतर जिल्ह्यांतील वाचकांनी आपल्या नदीचे व आपल्या डोंगराचे नाव घालून हाच पाठ वाचावा.

प्रथम ‘धोका’ ह्या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो आपण फार सैलपणे वापरतो. निर्मनुष्य रानात दरड कोसळली तर झाडे जातात, कोणाचे घर जात नाही. तीच दरड वस्तीवर आली तर गाव नाहीसे होते. डोंगर तोच, पाऊस तोच. धोका मात्र निराळा. म्हणून धोका मोजताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात : संकट किती बळाचे व किती वेळा येणारे आहे, त्याच्या वाटेत कोणती माणसे, गुरे व घरे आहेत, आणि त्या माणसांच्या अंगी ते सोसण्याचे अथवा वेळेवर बाजूस होण्याचे सामर्थ्य किती आहे. ह्या तिहींची बेरीज नव्हे, तर गुणाकार करावयाचा असतो. गुणाकारात एक आकडा शून्य झाला की उत्तर शून्य येते, हे आमच्या शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. पाऊस थांबविणे कोणाच्या हाती नाही. पण पाऊस पडत असता वाटेत माणूसच नसेल, तर माणसाच्या जिवाला धोकाही नाही.

आता हा अंदाज घ्यावयाचा कशावरून? खेड्यातील मनुष्य तो आठवणीवरून घेतो. “माझ्या आजाच्या वेळेपासून येथे कधी काही झाले नाही,” हे वाक्य कोकणातल्या कोणत्याही वाडीत ऐकावयास मिळते. आठवण हे मापन टाकाऊ नाही. वारंवार येणाऱ्या संकटासाठी ते उत्तम आहे. महाड शहराचेच पाहा. सावित्री व गांधारी ह्या नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरणे महाडकरांस नवे नाही. पाणी कोठून चढते, पहिल्याने कोणती गल्ली बुडते, माल कितव्या फळीवर उचलून ठेवावा, हे तेथील दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. शिवाय बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी सावित्रीच्या पात्रात वर चढत येते. पूर आणि भरती एका वेळी गाठल्या म्हणजे नदीला समुद्राकडे जाण्यास वाट राहत नाही, हेही त्यांस ठाऊक असते.

तरीही २२ जुलै २०२१ च्या पुराने जुन्या जाणत्यांचा हिशेब चुकविला. सावित्री ज्या महाबळेश्वरात उगम पावते, तेथे त्या वेळी २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा नुसता वाचून त्याचा अर्थ उमगत नाही. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४ लाख लिटर पाणी होते. ह्या हिशेबाने महाबळेश्वरच्या एकेका एकरावर एका दिवसात २४ लाख लिटर पाणी पडले, आणि त्यातील बराच भाग त्याच नदीने महाडकडे धावला. गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. ज्यांनी मागच्या पुराच्या खुणेवर भरवसा ठेवून माल त्या खुणेच्या वर मांडला होता, त्यांचा तोही माल गेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली असे दाखवून दिले आहे की, मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यात फार मोठ्या पावसाचे प्रसंग १९५० ते २०१५ ह्या काळात सुमारे तिपटीने वाढले. आजोबांची आठवण खरी असेल. पण आजोबांच्या वेळचे आभाळ आता राहिलेले नाही.

नदीकाठच्या लोकांस निदान आठवण तरी असते. डोंगराखालच्या लोकांस तीही नसते. पूर पाच-दहा वर्षांनी येतो. दरड एकाच जागी शंभर किंवा पाचशे वर्षांनीही येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी आठवण सांगण्यास कोणी उरत नाही. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन ह्या गावांवर दरडी कोसळल्या. महाड व पोलादपूर ह्या भागांत मिळून दीडशेहून अधिक माणसे मेली. २०१४ च्या ३० जुलैस शेजारच्या पुणे जिल्ह्यात माळीण गाव गाडले गेले. २२ जुलै २०२१ रोजी, महाड पाण्याखाली असतानाच, त्याच तालुक्यातील तळिये येथे डोंगर खाली आला आणि ८० हून अधिक जीव गेले. रस्ते पाण्यात होते, म्हणून मदतीची पथके दुसऱ्या दिवशी पोचली. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे : पूर आणि दरड ही दोन निराळी अरिष्टे म्हणून आपण शिकतो, परंतु ती एकाच पावसाची लेकरे आहेत, आणि बहुधा एकाच रात्री येतात. आपल्या वाडीस मदत कोणत्या वाटेने येईल, आणि त्या रात्री ती वाट कोरडी असेल काय, हा प्रश्न अंदाजात धरलाच पाहिजे. वाटेवरचे पूलही त्यात आले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या व इतर वाहने गेली. ते प्रवासी पूरग्रस्त गावांचे रहिवासी नव्हते. ते केवळ वाटेत होते.

आता खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीचे उदाहरण घेऊ, कारण ह्या पाठातील मुख्य धडा तेथे आहे. इरशाळगडाच्या उतारावर वसलेली ही ठाकर बांधवांची वाडी. तेथवर मोटारीचा रस्ता नव्हता. १९ जुलै २०२३ रोजी रात्री, माणसे घरात निजलेली अथवा निजावयास जात असता, वरचा उतार वाडीवर आला. मदत करणारे अंधारात व पावसात पायी चढून गेले. माती उपसण्याची मोठी यंत्रे वर नेता येईनात, तेव्हा फावड्या-घमेल्यांनी काम करावे लागले. चौथ्या दिवशी शोध थांबविण्यात आला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली. सरकारजवळ दरडीचा धोका असलेल्या गावांची यादी होती. रायगड जिल्ह्यातील शंभराहून अधिक गावे त्या यादीत होती. इरशाळवाडी तीत नव्हती, असे त्याच आठवड्यात विधानसभेत सांगण्यात आले.

ह्यावरून यादी निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये. भूवैज्ञानिकांनी केलेल्या पाहणीस मोल आहे, आणि आपले गाव त्या यादीत आहे की नाही हे तलाठ्यास अथवा ग्रामसेवकास विचारून घेणे हे प्रत्येक उपदेशकाचे काम आहे. पण यादीत नाव असणे ही सूचना आहे. नाव नसणे ही हमी नव्हे. यादी करणारा एकदा येतो, रस्त्यालगतची गावे पाहतो, महसुली गावाचे नाव लिहितो. पाच-पन्नास घरांची वाडी, जिचे नाव नकाशावरही नाही, ती त्याच्या वहीतून निसटणे सोपे असते. ठाकर, कातकरी, धनगर ह्यांच्या वस्त्या बहुधा अशाच असतात. आठवण नाही आणि यादीतही नाव नाही, तर उरते ती जमीन. जमिनीची आठवण आजोबांच्या आठवणीपेक्षा पुष्कळ लांबची असते, आणि ती थोड्या अभ्यासाने वाचता येते.

ती अशी. सह्याद्रीचा गाभा काळ्या कातळाचा आहे, पण त्यावर ऊन-पावसाने कुजलेल्या मुरमाचा व मातीचा जाड थर असतो. पाणी ह्या थरात मुरते, कातळापाशी अडते, आणि माती व कातळ ह्यांमधील पकड सैल करते. पाणी निघून जाण्यास वाट असेल तर थर टिकतो. पावसाचा जोर त्या वाटेपेक्षा अधिक झाला की तो सबंध घसरतो. आता आपली वाडी कोठे आहे ते पाहा. कोकणात डोंगराच्या पायथ्याशी किंवा मध्यावर जेथे थोडी सपाटी, माती आणि बारमाही झरा असतो, तेथे वस्ती होते. ही सपाटी पुष्कळदा कोणे एके काळी वरून आलेल्या दरडीचीच असते. घळीच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली माती, आणि तीत म्हशीएवढे धोंडे लहान खड्यांबरोबर बेशिस्त मिसळलेले दिसले, तर ते धोंडे नदीने आणलेले नाहीत. ते डोंगराने टाकलेले आहेत. विहीर खणताना दहा हातांवरही तसाच मिश्र गाळ लागला, तर खूण पक्की समजावी. जुन्या माणसांनी देवराई किंवा गायरान म्हणून मोकळी सोडलेली एखादी पट्टी असते, ती का सोडली हेही विचारावे.

ह्या झाल्या जुन्या खुणा. नव्या खुणा पावसाळ्यात पाहावयाच्या. वाडीच्या वर जाऊन उताराच्या माथ्यावर जमिनीस आडवी चीर गेली आहे काय, मागील वर्षीपेक्षा ती रुंदावली आहे काय; झाडे व विजेचे खांब कलले आहेत काय; घराचे दार एकाएकी चौकटीत अडकू लागले आहे काय; जेथे कधी पाणी नव्हते तेथे झरा फुटला आहे काय, अथवा नेहमीचा झरा गढूळ झाला आहे काय. भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक कमी झाले तर आनंद मानू नये. वर कोठे तरी माती आडवी पडून पाणी तुंबले असण्याचा संभव असतो. रस्त्यासाठी, घरासाठी किंवा खाणीसाठी उताराचा पाय कापला असेल तर तेथे दुप्पट लक्ष ठेवावे. पाय कापलेला उतार भिंतीचा तळचा दगड काढल्यासारखा असतो.

पाऊस स्वतः मोजावा, असा आमचा आग्रह आहे. सरकारी पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो, आणि डोंगराच्या एका अंगास पडणारा पाऊस दुसऱ्या अंगास पडत नाही. त्यासाठी फार सामग्री नको. तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा, उभ्या कडांचा एक डबा झाडांपासून व छपरापासून दूर, मोकळ्यावर ठेवावा. सकाळी ठरलेल्या वेळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहावी आणि डबा रिता करावा. शाळेतील चौथीचे मूल हे काम करील. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस समजते आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर गेल्यास अत्यंत जोरदार म्हणते. पिवळा, केशरी व लाल इशारा आता भ्रमणध्वनीवरही मिळतो. पण लाल इशारा सबंध जिल्ह्याचा असतो, आणि डबा आपल्या वाडीचा.

किनाऱ्यावरील मंडळ्यांचा हिशेब थोडा निराळा आहे. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वारा ताशी ११० किलोमीटरांच्या आसपास होता. लोकांस आधी हलविल्यामुळे मनुष्यहानी थोडी झाली. परंतु श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड येथील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. घरावरचे पत्रे महिन्यात पुन्हा चढतात, पण नव्या पोफळीस फळ धरावयास सहा-सात वर्षे जातात, आणि तोवर त्या कुटुंबाने खावे काय? धोक्याचा अंदाज घेताना जीव व घर ह्यांबरोबर उपजीविकाही मोजावी, आणि ती पुन्हा उभी राहण्यास किती वर्षे लागतील तेही लिहावे. ‘फयान’ हे वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी आले होते. तेव्हा पावसाळा सरला म्हणजे वादळाची भीती सरली, असेही नाही.

वादळाचे पाणी किती चढेल हे भरतीच्या वेळेवर पुष्कळ अवलंबून असते. कोळी बांधवांचा एक जुना हिशेब आहे, तो आमच्या शाळांत शिकविला जावा असे आम्हांस वाटते : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. ‘निसर्ग’ पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आले. म्हणजे त्या दिवशीची भरती सकाळी पावणेदहाच्या सुमारास झाली, आणि वादळाने किनारा गाठला तो दुपारी, पाणी ओसरत असता. तेच वादळ तीन तास आधी येते तर किनाऱ्यावरील पुष्कळ घरांच्या ओट्यास पाणी लागले असते. ही सुटका हिशेबात धरू नये. पुढचे वादळ तिथी पाहून येणार नाही.

पेण, अलिबाग व उरण ह्या भागांत समुद्रसपाटीलगतची भातखाचरे खारबांधांच्या आधाराने उभी आहेत. बांधास खांड पडली आणि उघाडीतून खारे पाणी आत शिरले, तर केवळ त्या वर्षीचे भात जात नाही. मीठ धुऊन निघेपर्यंत पुढील पावसाळेही जातात. बांधापुढे तिवरांचे रान असेल तर लाटेचा जोर तेथेच मोडतो. तिवरे तोडून सरपण करणारा मनुष्य आपल्याच बांधाचा दगड काढतो. पूर्वी बांधाची राखण गावकीची होती. ती सरकारी खात्याकडे गेल्यापासून लहान खांड मोठी होईपर्यंत कोणी हात लावीत नाही, अशी तक्रार आपण ऐकतो. खात्याकडे अर्ज करावा. पण उधाणाच्या आधी चार टोपल्या माती घालण्यास अर्जाचे उत्तर येण्याची वाट पाहू नये.

भूकंप आणि त्सुनामी ह्यांविषयी थोडक्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचे धक्के कोकणास बसले होते. मातीच्या जुन्या भिंती त्या दृष्टीने तपासाव्यात. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्यालगत समुद्रतळाशी झालेल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोचली होती आणि तेथे माणसे बुडाली होती. समुद्र अवेळी, एकाएकी दूर ओसरला तर शिंपले वेचावयास जाऊ नये, उंचावर जावे, एवढे मुलांस शिकविले म्हणजे पुरे.

येथे एका प्रश्नास उत्तर दिले पाहिजे, कारण उपदेशकांस तो नेहमी विचारला जातो : अमक्या वाडीवर दरड आली, ती तेथील लोकांच्या पापामुळे काय? शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, त्यांच्याविषयी लोकांची अशीच कल्पना होती, आणि प्रभूने ती साफ नाकारली. तळियेची माणसे इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती. ती उताराखाली होती. जो मनुष्य दरडीस शिक्षा समजतो तो उताराकडे पाहत नाही, आणि म्हणून ही समजूत केवळ निर्दय नाही, ती घातकही आहे.

आता हा अंदाज मंडळीने कसा घ्यावा ते सांगतो. वैशाखात, शेतीची कामे सुरू होण्यापूर्वी, एक दिवस ठरवून सारी वस्ती पायी फिरावी. सोबत सर्वांत वृद्ध स्त्री-पुरुष, गुराखी व पाणी आणणाऱ्या बाया असाव्यात. झऱ्यातील फरक पुरुषांपेक्षा बायांस आधी कळतो. ख्रिस्ती घरे तेवढी पाहून परत येऊ नये. दरड घराचा धर्म विचारीत नाही. शाळेच्या फळ्यावर वस्तीचा नकाशा काढून घळी, ओढे, चिरा, पुराच्या खुणा आणि प्रत्येक घर दाखवावे. मग घरागणिक लिहावे : म्हातारी माणसे किती, गरोदर बाई आहे काय, अंथरुणास खिळलेला कोणी आहे काय, पुरुष मजुरीस परगावी असतो काय. नवरा वीटभट्टीवर गेलेला, पदरी तीन मुले आणि आंधळी सासू, असे घर घळीपासून दूर असले तरी त्याचा धोका घळीजवळच्या धडधाकट घरापेक्षा अधिक असू शकतो. कोणत्या घराचे दार कोणी ठोठवावे आणि कोणाला पाठीवर कोणी घ्यावे, हे नावानिशी ठरवावे.

सर्वांत कठीण प्रश्न घर सोडण्याचा आहे. गुरे कोणी राखावी, भांडीकुंडी कोणी पाहावी, आणि गेलो व काही झाले नाही तर लोक हसतील, ह्या तीन कारणांनी माणसे मरतात. म्हणून उपदेशकाने आधीच स्पष्ट सांगावे की दहा वेळा घर सोडले तर नऊ वेळा, कदाचित दहाही वेळा, काही होणार नाही. हे आधी सांगितले नाही, तर तिसऱ्या खोट्या भीतीनंतर चौथ्या रात्री कोणी उठत नाही. गुरांसाठी सुरक्षित जागी गोठ्याची सोय आधी करावी. ती झाली म्हणजे अर्धी माणसे आपण होऊन निघतात, असे आम्ही पाहिले आहे. दोन दिवस ओळीने जोरदार पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी लाल इशारा असला, किंवा वरच्या चिरेत वाढ दिसली, तर निघावे. हा निर्णय दिवे लागण्यापूर्वी व्हावा, कारण इरशाळवाडीवर डोंगर आला तो रात्री. जावयाची जागा शाळा असो, समाजमंदिर असो, की आमचे प्रार्थनामंदिर असो. ती स्वतः उताराखाली अथवा ओढ्याकाठी नाही, हे आधी पाहावे. तिची किल्ली त्या दिवसांत एकाच माणसाजवळ न ठेवता तिघांजवळ असावी, आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक तिच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावा.